‘धान्य उचलले नाही’: एका शिधापत्रिकेचं प्रकरण

तालुक्याच्या गावात धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या एका वृद्ध बाईंचं रेशन बंद पडलं. त्याच काळात आमचा स्वयंसेवकांचा गट त्यांना दर महिन्याला किराणा पोचवत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींवर काय परिणाम झाला, ते या प्रकरणात मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाईंना मी इथे मावशी म्हणेन, कारण वस्तीत आणि आमच्या गटातही सगळे त्यांना तेच म्हणतात. लिहायला त्यांची परवानगी आहे. ‘नाव घाला की, मी काय चोरी केली?’ असंच त्यांचं म्हणणं होतं.

कार्डावरची तीन नावं

मावशींचं केशरी कार्ड प्राधान्य कुटुंब योजनेतलं. त्यावर तीन नावं: मावशी, त्यांचा मुलगा आणि नऊ वर्षांची नात. सून वारली आहे. मुलगा मोठ्या शहरात बांधकामावर असतो, सणासुदीला येतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे या घराला १५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आजी आणि नात अशा दोघींच्या घरात १५ किलो धान्य आलं की महिन्याच्या पोळी-भाताची बहुतेक चिंता मिटते.

हे धान्य मिळतं ते ई-पॉस मशीनवर अंगठा जुळला तरच. मावशींचा अंगठा जुळत नाही. चाळीसेक वर्षं साबण, राख आणि काथ्या यांत हात घातलेल्या बाईच्या बोटांवर रेषा राहतात त्या कितीशा? मी त्यांचा अंगठा उजेडात धरून पाहिला आहे. शेंड्याची कातडी गुळगुळीत झाली आहे आणि कडेला दोन उभ्या भेगा आहेत, थंडीत त्या आणखी रुंदावतात. दुकानात त्या अंगठा पदराला पुसायच्या, तोंडाची वाफ द्यायच्या, पुन्हा ठेवायच्या. मग दुसरं बोट, मग तिसरं. मागे रांग चुळबुळ करायला लागली की दुकानदार म्हणायचा, ‘मावशी, संध्याकाळी या.’ संध्याकाळीही तेच.

नातीचं आधार ती तान्ही असताना काढलेलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे ठसे घेत नाहीत. पाच पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधरा पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा ते द्यावे लागतात. पहिली नोंद राहून गेली होती, कारण तोवर तिची आई गेली होती आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अंगठा जुळणारं माणूस घरात एकच, मुलगा, आणि तो गावात नाही. ओटीपीवर धान्य देण्याची सोय मशीनमध्ये होती, पण मावशींच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा जुना, केव्हाच बंद पडलेला. चारही दारं एकाच वेळी लागली होती, आणि त्यातलं एकही कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं.

दुकानदाराविषयी इथेच लिहायला हवं, कारण अशा गोष्टींत त्याला खलनायक करणं फार सोपं असतं. अंगठ्याशिवाय त्याने धान्य दिलं तर मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा यांचा मेळ बसत नाही, आणि तपासणीत तूट त्याच्या नावावर पडते. त्या वेळी त्याला मिळणारं कमिशन क्विंटलला १५० रुपये होतं, म्हणजे मावशींच्या १५ किलोंमागे साडेबावीस रुपये. तेवढ्यासाठी परवाना पणाला लावायला कोण तयार होईल? तो तापट आहे, पण मावशींचं धान्य त्याने विकून खाल्लेलं नाही, हे आम्ही नोंदी पाहून खात्री करून घेतलं.

आमचा किराणा

आमचा गट २०२० च्या टाळेबंदीत उभा राहिला. शाळेतले दोन शिक्षक, एक औषधवाले, महाविद्यालयातली काही मुलं-मुली, मी. टाळेबंदी उठली तरी काही घरांना किराणा देणं चालूच राहिलं. तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, साखर, चहा पावडर. पैसे गावातलेच लोक देतात. मावशींचं नाव आमच्या यादीत बऱ्याच काळापासून होतं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘एकट्या, नात लहान.’

रेशन बंद असल्याचं त्या रकान्यात कुठेच नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं असं नाही. मावशींनीच सांगितलं नव्हतं. ते का, हे मला नंतर कळलं. रेशन चालू आहे असं समजल्यावर एका घराचा किराणा थांबवल्याची गोष्ट वस्तीत फिरली होती. मावशींचं रेशन बंदच होतं. पण उद्या ते सुरू झालं आणि आमचा किराणा गेला, पुढच्या महिन्यात अंगठा पुन्हा जुळला नाही, तर? बेभरवशाच्या हक्कापेक्षा वेळेवर येणारी पिशवी त्यांनी पत्करली. गरिबीत माणूस हिशेब करत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मावशींचा हा हिशेब जरूर पाहावा. तो अगदी चोख होता.

त्यामुळे मावशी रेशन दुकानात जाईनाशा झाल्या. जायचं म्हणजे एका घरच्या कामाचा खाडा, रांग, आणि सगळ्यांसमोर अंगठा नाकारला जाण्याची लाज. घरात तांदूळ होता, मग तक्रार कशाला करायची?

पुरवठा शाखेतली नोंद

हे सगळं उघड झालं ते नातीच्या शाळेच्या एका कागदासाठी शिधापत्रिकेची स्थिती पाहावी लागली तेव्हा. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतल्या कारकुनाने संगणकावर कार्डाचा नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला. एकेका महिन्यापुढे एकच शेरा होता: धान्य उचलले नाही.

त्या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ अडकले, कारण खोटं त्यात काहीच नाही. धान्य उचललेलं नव्हतंच. पण ‘देता आले नाही’ आणि ‘उचलले नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात यंत्रणेवर जबाबदारी येते. दुसऱ्यात मावशी गरज नसलेल्या कुटुंबासारख्या दिसतात. आणि हे दिसणं नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही. सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात २०२५ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे सहा महिने धान्य न उचललेली कार्डं तात्पुरती बंद करून त्यांची पडताळणी करायची असते. बनावट कार्डं शोधायची तर हा नियम समजण्यासारखा आहे. पण त्या चाळणीत बनावट कार्डाबरोबर मावशींचं कार्डही अडकतं, कारण पडद्यावर दोघांचा चेहरा सारखाच असतो.

या प्रकरणाचं मर्म मला इथेच दिसतं. आमच्या किराण्याने मावशींची भूक भागली, हे खरं आणि मोलाचं. त्याच किराण्यामुळे त्यांच्या भुकेचा सरकारदरबारी काही पुरावा उरला नाही, हेही तितकंच खरं. बाहेरून मूकपणे भागवलेली गरज दप्तरात ‘गरज नाही’ अशी उतरते. स्वयंसेवकाने धान्य दिलं की त्याचं काम झालं असं धरलं, तर त्या चुकीच्या नोंदीला आपणच दर महिन्याला बळ देत राहतो.

२०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. घरचं रेशन कार्ड आधारशी जोडलेलं नव्हतं म्हणून रद्द झालं होतं. मुलगी भुकेने गेली असं आईचं म्हणणं. प्रशासनाने ते मानलं नाही. आमच्या गावात तशी वेळ आली नाही, येऊही नये. पण कार्ड संगणकातून उतरणं आणि घरातलं धान्य संपणं यांमध्ये किती पातळ भिंत असते, ते त्या घटनेने देशाला दाखवलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात, ठसा जुळला नाही एवढ्याच कारणाने कुणाला हक्काच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, हे स्पष्ट केलं. हा निकाल आमच्या गावच्या दुकानातल्या काउंटरपर्यंत पोचला नव्हता. तो तिथवर नेणं हेसुद्धा स्वयंसेवकाचंच काम आहे असं मी मानते, पिशवी नेण्याइतकंच.

गटातला वाद

बैठकीत दोन तट पडले. कॉलेजच्या मुलांचं म्हणणं, ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांचा किराणा थांबवा, म्हणजे लोक तक्रार करतील आणि यंत्रणा हलेल. आमच्यातले ज्येष्ठ शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, उसळलेच. ‘नात उपाशी ठेवून आजीला आंदोलनाला उभं करायचं? आधी पोट, मग कागद.’ मुलं म्हणाली, ‘सर, मग कागद कधीच होत नाही.’

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसत होतं, आणि आपल्याकडे हा वाद नवाही नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज यांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. पोरं मरत असताना अर्जाच्या उत्तराची वाट पाहणं त्यांना शक्यच नव्हतं. त्याच दुष्काळात पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला धाडत होती, आणि दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली तेव्हा मजुरांच्या बाजूने दाद मागत होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या पुढाकाराने सभेची माणसं गावोगाव फिरली. पीक बुडालं असेल तर शेतसाऱ्यात सवलत मागता येते, दुष्काळी संहितेत तशी तरतूद आहे, असं त्यांनी शेतकऱ्यांना समजावून सांगितलं. सरकारला ते इतकं झोंबलं की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली. अन्न वाटणाऱ्यांवर सरकार सहसा चिडत नाही. लिहिलेला कायदा लोकांना वाचून दाखवणाऱ्यांवर मात्र चिडतं, आणि तसं आजही होतं.

शेवटी ठरलं ते असं. किराणा कुणाचाही थांबवायचा नाही. पण अट आपण स्वतःवर घालायची: पुढच्या महिन्याची पिशवी बांधण्याआधी रेशन का मिळत नाही हे लिहून घ्यायचं आणि त्याचा अर्ज दाखल करायचा. अर्ज झाला नाही तर दोष आमचा, त्या घराचा नव्हे. आणि पिशवी तरीही जाणार. सरांनी हे लगेच मान्य केलं. मुलांना ते मिळमिळीत वाटलं, पण पुढे सगळ्यात जास्त अर्ज त्यांनीच लिहिले.

दुसरा निर्णय फोटोंचा. पैसे देणाऱ्या काहींना पिशवी घेतानाचा फोटो हवा असतो. तो बंद केला. मावशींची नात एकदा आम्हाला पाहून दाराआड गेली होती, ती पिशवीला लाजली नव्हती, मोबाइलला लाजली होती. आता आम्ही किराणा दुकानाचं बिल पाठवतो. देणगीदार त्यामुळे कमी झाले, हे सांगायला हवं. तरी निर्णय बरोबर आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

कुणाशी बोलायचं

अर्ज घेऊन मावशी आणि मी पुरवठा शाखेत गेलो. अव्वल कारकुनांनी मला खुर्ची दिली. मावशी उभ्याच. प्रश्न मावशींच्या कार्डाविषयी, नजर माझ्याकडे. ‘यांचा मुलगा कुठे असतो?’ ‘यांचं उत्पन्न किती?’ उत्तरं मला माहीत होती. मी दिली असती तर काम भराभर झालं असतं.

स्वयंसेवक बरोबर असला की काम होतं, हा आमच्या गटाचा अभिमानाचा विषय होता. पण यातून कचेरी काय शिकते? मागे कुणी शिकलेलं, ओळखीचं माणूस असेल तर दखल घ्यायची. आणि मावशी काय शिकतात? ताई आल्याशिवाय जायचं नाही. दोघांचीही सवय पक्की होते, आणि नागरिक व सरकार यांच्यामध्ये एक नवा मध्यस्थ बसतो. तो पैसे घेत नाही एवढाच दलालापेक्षा वेगळा. मला हे गंभीर वाटतं. सार्वजनिक जीवनात गरिबाचं स्थान ठरतं ते तिला काय मिळालं यावरून जितकं, तितकंच ती स्वतः कुणाशी आणि कशी बोलू शकली यावरूनही.

मी खुर्ची मावशींकडे सरकवली आणि म्हटलं, ‘साहेब, कार्ड त्यांचं आहे, त्याच सांगतील.’ मावशी बसल्या नाहीत, पण बोलल्या. सुरुवात नवऱ्याच्या मरणापासून झाली, मग घरमालक, मग गुडघे. कारकून वैतागले. मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं मला जड गेलं. बऱ्याच वेळाने त्या मुद्द्यावर आल्या. अंगठा टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘ह्याच्यावर आता काही उमटत नाही साहेब. मग मी जेवायचं नाही का?’ कारकुनांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. ‘तसं नाही मावशी,’ म्हणाले आणि अर्ज वाचायला घेतला.

अर्जात मागण्या तीन होत्या: अंगठा जुळत नाही याची कार्डावर नोंद घ्यावी, पर्यायी मार्गाने धान्य द्यावं, आणि मागच्या महिन्यांबद्दल कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. धान्य मिळालं नाही तर भत्त्याचा हक्क आहे, हे या कायद्यातलं सगळ्यात कमी वापरलं गेलेलं कलम असावं, निदान आमच्या कचेरीत ते कुणी मागितलेलं दिसलं नाही. ‘अर्जाची गरज नाही, आधार केंद्रात जा,’ असा सल्ला आधी मिळाला. आम्ही आवक नोंद आणि पोच मागितली. पोच देणं म्हणजे अर्ज आला हे कबूल करणं, त्यामुळे हात आखडले. मिळाली, शिक्क्यासह. मावशींनी ती कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बाहेर आल्यावर पुन्हा काढून नीट पाहिली. वाचता येत नसलं तरी शिक्का कळतो.

मोबाइल नंबर कुणाचा

आधार केंद्रात मोबाइल नंबर बदलायचा होता. एका डोळ्यात मोतीबिंदू असल्याने दुसऱ्या डोळ्याच्या बुबुळावरून मावशींची ओळख पटली. आता नंबर कुठला द्यायचा? मावशींकडे फोन नाही. केंद्रातला मुलगा मला सहज म्हणाला, ‘मॅडम, तुमचाच टाका.’

बऱ्याच ठिकाणी असंच होतं, आणि चांगल्या हेतूनेच होतं. पण आधारला जोडलेला नंबर म्हणजे नुसत्या रेशनचा ओटीपी नव्हे. बँक, पेन्शन, उद्या जे काही येईल त्या सगळ्याची किल्ली माझ्या पर्समध्ये येणार. मी गाव सोडलं, फोन हरवला, माझ्या जागी दुसरं कुणी आलं तर? आणि मी कितीही सचोटीची असले, तरी एखाद्या बाईचे सगळे व्यवहार माझ्या फोनमधून जाणं मुळातच गैर आहे. आम्ही त्या दिवशी काम अर्धवट ठेवून परतलो. मावशी चिडल्या होत्या, एका दिवसाचा खाडा वाया गेला होता, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

सिमकार्ड घ्यायलाही अंगठाच लागला. मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने सिम घेतलं, औषधवाल्यांनी बटणांचा जुना फोन दिला, आणि नंबर जोडला गेला. याच फेरीत नातीचे ठसेही देऊन झाले. फोन आता नात सांभाळते. ओटीपी तीच वाचून दाखवते, दुकानात मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून.

वस्तीतले इतर अंगठे

मावशींचा अर्ज झाल्यावर यादीतल्या प्रत्येक घराला विचारलं, तर अंगठा न जुळणारी बरीच घरं निघाली. जवळजवळ सगळ्या बायका: भांडी घासणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, सिमेंट कालवणाऱ्या. एकाच दुकानातल्या एवढ्या बायका, आणि प्रत्येकीला वाटत होतं की दोष आपल्याच बोटांचा आहे. एकीने तर लिंबू चोळून बोटं सोलून घेतली होती.

एकत्रित निवेदन न देता प्रत्येकीचा वेगळा अर्ज केला, कारण एकत्रित निवेदनाला एकच आवक क्रमांक पडतो. प्रती जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना गेल्या, कायद्याच्या कलम १५ मध्ये ते पद आहे. दुकान पातळीवर दक्षता समिती असावी असं कलम २९ सांगतं. आमच्या दुकानात समितीचा फलक होता, त्यावर नावंही होती, आणि त्यातल्या एका बाईंना आपण सदस्य आहोत हे आमच्याकडूनच समजलं. त्या भल्या निघाल्या. बैठक त्यांनीच लावून धरली. बैठकीला मावशी होत्या. दुकानदाराने साठ्याची अडचण मांडली, पुरवठा निरीक्षकांनी अंगठा न जुळलेल्यांची वही दुकानात ठेवायची आणि त्यांना ओटीपीवर धान्य द्यायचं, असं लेखी दिलं. दुकानदारालाही हे हवंच होतं, लेखी काही हातात असलं की तोही सुटतो.

आजची स्थिती

मावशींना आता १५ किलो धान्य मिळतं. ज्या महिन्यात नेटवर्क जातं त्या महिन्यात दोन-दोन वेळा जावं लागतं. वही दुकानात आहे. ती दर वेळी भरली जाते असं म्हणता येणार नाही. तपासायला आम्ही जातो, कधी मावशीच जातात. भत्त्याच्या अर्जावर अजून निर्णय नाही. ‘दुकानात आल्याचा पुरावा काय?’ असं पत्र आलं, आणि तक्रार न केलेल्या महिन्यांचा पुरावा आमच्याकडेही नाही. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे तक्रार केली आहे.

किराणा मावशींनी आपणहून अर्धा केला: तांदूळ-गहू नको, डाळ आणि तेल चालेल. कार्ड असलेल्या बाकीच्या घरांचंही एकेक करून असंच चाललं आहे, आणि वाचलेले पैसे कार्डच नसलेल्यांकडे वळवले आहेत. तिथे अडचण वेगळी आहे. अन्न सुरक्षा योजनेत किती माणसं घ्यायची हा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे. त्यानंतर वाढलेली, गावात नव्याने आलेली, वेगळी झालेली कुटुंबं पात्र असूनही ‘इष्टांक शिल्लक नाही’ या उत्तरावर थांबतात. या घरांना पिशवी जातेच. तरीही त्यांच्याकडून अर्ज करून घेतो, नाकारल्याचं लेखी उत्तर मागतो आणि ती उत्तरं तारखेप्रमाणे एका फाइलला लावतो. पुढच्या दक्षता समितीत ती फाइल ठेवायची आहे, आणि तिथे बोलायचं कुणी, यावर त्या घरांतल्या बायकांचं अजून एकमत झालेलं नाही.